साहेबांचा शेरा

अकोले गावात साहेब पुष्कळ. तहसीलचे साहेब, पोलीस ठाण्याचे साहेब, कारखान्याचे साहेब. आमच्या आळीत मात्र नुसतं ‘साहेब’ म्हटलं की एकाच घराकडे बोट जातं. निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी. नोकरीत असताना कोतूळपासून शेंडीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळांवर त्यांची धाड पडायची. त्यांची फटफटी राजुरात दिसली की पुढच्या वाडीवरच्या गुरुजींना आधीच निरोप पोचायचा. हे कळल्यावर साहेब फटफटी अलीकडेच उभी करून भाजीच्या जीपमधून पुढे जाऊ लागले. निवृत्तीनंतर काचबिंदूनं नजर नेली. तपासणीची हौस मात्र त्याला काही नेता आली नाही. शाळा सुटल्या आणि साहेबांना संकेतस्थळं सापडली.

सकाळी दहाच्या ठोक्याला इस्त्रीचा शर्ट घालून ते लॅपटॉपपुढे बसतात. घरातच बसायचं तर इस्त्री कशाला, असं वहिनींनी एकदा विचारलं होतं. “कार्यालयीन वेळ आहे,” एवढंच उत्तर मिळालं. पडदा बंदच असतो, कारण उजेडाचं बिल फुकट का भरायचं? साहेबांचं सगळं काम कानावर चालतं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणानं ते २००६ साली लिहायला घेतलं आणि आजही ते फुकट मिळतं. त्याच्या आवाजाची गती साहेबांनी इतकी वाढवून ठेवली आहे, की आपल्याला एक अक्षर कळत नाही. समोरच्या काकू अजून समजतात की साहेबांचा रेडिओ नादुरुस्त आहे.

तपासणीची रीत जुनीच. आधी अचानक भेट, मग शेरा. एच दाबला की पानावरचा पुढचा मथळा ऐकू यायला हवा. परवा एका सरकारी खात्याच्या पानावर त्यांनी एच दाबला. आवाज म्हणाला, पुढे मथळा नाही. शिफ्ट धरून उलट दाबला, तर मागेही नाही. साहेबांनी वहिनींना शेरा लिहायला सांगितला : “मुख्याध्यापक गैरहजर.” मग इन्सर्ट आणि एफ सात दाबून पानावरच्या दुव्यांची यादी मागवली. यादी आली : येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा. साहेबांनी अखेरपर्यंत ऐकली, कारण हजेरी अर्धवट घेणं त्यांच्या शिस्तीत बसत नाही. शेरा पडला, “वर्गातल्या सर्व मुलांचे नाव एकच आहे. चौकशी व्हावी.”

साहेबांचा सगळ्यात आवडता दुवा म्हणजे ‘स्क्रीन रीडर ॲक्सेस’. पुष्कळ सरकारी पानांवर तो माथ्यावरच असतो. उघडला की कोणकोणती वाचक सॉफ्टवेअरं कुठं मिळतात, याचा तक्ता निघतो. म्हणजे ज्याच्याजवळ वाचक नाही त्याला तो तक्ता वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येतो त्याच्याजवळ वाचक आहेच. साहेब हा तक्ता पाहुण्यांना मुद्दाम ऐकवतात. चहाआधी.

त्यांचा पुतण्या संकेतस्थळं बनवतो. भंडारदऱ्याला पावसाच्या तोंडावर काजवे बघायला मुंबई-पुण्याची गर्दी लोटते, तिला तंबू भाड्यानं देणारे त्याचे गिऱ्हाईक. एका संध्याकाळी तो नाचतच आला.

“नाना, शंभरपैकी शंभर! दिव्यांगांना सुलभ!”

“तपासलं कुणी?”

“लाइटहाउसनं.”

“हा कुठल्या केंद्राचा?”

लाइटहाउस हे क्रोम ब्राउझरमधलंच तपासणी यंत्र आहे. बटण दाबलं की ते पान चाळतं आणि शंभरपैकी गुण देतं. पुतण्यानं तो हिरवा आकडा स्टेटसलाही टाकला होता. साहेबांनी पान उघडलं. फोटोवर आवाज म्हणाला, “फोटो.” पुढच्यावरही “फोटो.” पुतण्याच्या म्हणण्याप्रमाणे एक कळसूबाईचा होता आणि दुसरा रंधा धबधब्याचा. फोटोला पर्यायी मजकूर आहे की नाही, एवढंच यंत्र बघतं. त्यानं तिथं मजकूर बघितला आणि गुण दिले. मग साहेब टॅब दाबत आरक्षणाकडे निघाले. नाव घातलं, मोबाइल नंबर घातला. तारखेचं कॅलेंडर फक्त माउसनं उघडणारं होतं. टॅबनं ते ओलांडलं आणि थेट तळाशी नेऊन सोडलं, “सर्व हक्क राखीव.”

“हक्क राखीव झाले,” साहेब म्हणाले. “तंबू काही झाला नाही.”

पुतण्याचा चेहरा पडला. खरं तर अशा गुणांना भुलून फशी पडणाऱ्यांत तो एकटा नाही. असलं पहिलं प्रसिद्ध यंत्र १९९६ साली अमेरिकेत निघालं, त्याचं नाव बॉबी. (साहेब हे सांगतात तेव्हा समोरचा डिंपल कापडियाची आठवण काढतो आणि साहेब रागावतात.) त्या काळी पानांवर ‘बॉबीनं पास केलं’ असं चित्र अभिमानानं मिरवत. पुढे २०१७ साली ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेतल्या लोकांनी शंभराहून जास्त चुका ठासून भरलेलं एक पान बनवलं आणि नावाजलेली यंत्रं त्यावर सोडली. सगळ्यात हुशार यंत्रालाही निम्म्या चुका सापडल्या नाहीत. २०१९ मध्ये मॅन्युएल मातुझोविच या व्हिएन्नाच्या गृहस्थानं उलटा खेळ केला : कुणालाच वापरता येणार नाही असं पान मुद्दाम रचलं आणि लाइटहाउसकडून शंभर गुण मिळवले. या माणसाचा सत्कार आमच्या अगस्ती आश्रमात व्हावा, असं साहेबांचं मत आहे.

यंत्रावर त्यांचा राग आहे असं मात्र नाही. पिवळ्यावर पांढरी अक्षरं, करड्यावर फिकट करडी, हे त्यांना कुठून दिसणार? तिथं यंत्रच हवं. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी रंगभेद निदान साडेचारास एक असावा, हा जागतिक नियम यंत्राला पाठ असतो आणि पुतण्याला कधीच आठवत नाही. चौकटीला नाव नाही, पानाची भाषा नोंदवलेली नाही, हेही यंत्र क्षणात सांगतं. भाषेवर साहेबांचा विशेष डोळा. (हा शब्द त्यांचाच.) मराठी पान हिंदी आवाजात ऐकावं लागलं की त्यांचा दिवस नासतो.

हिरवी टिक कशी पडते, हे साहेबांना आतून ठाऊक आहे. शाळांची माहिती भरायच्या यू-डायसच्या प्रपत्रात शाळेला रॅम्प आहे का, असा रकाना असतो. डोंगराकडच्या एका शाळेत रॅम्प होता. तो चढून गेलं की वर वीतभर उंचीची पायरी आणि पायरीपुढे पोषण आहाराच्या तांदळाची पोती. साहेबांनी ‘होय’वर टिक केली होती. रॅम्प होताच ना! हे ते स्वतःच सांगतात, हसत नाहीत, आणि लगेच विषय न्यायालयाकडे नेतात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याखालच्या सुलभतेच्या नियमानं मानकांना नुसत्या शिफारशी करून ठेवलं होतं, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात तो नियम मोडीत काढला आणि सक्तीची किमान मानकं ठरवायला सांगितलं. ३० एप्रिल २०२५ ला प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला. डोळ्यांची उघडझाप करून दाखवा, असं सांगणारी केवायसी ॲसिडहल्ल्यात डोळे गेलेल्यांनी कशी पुरी करायची, असा तो प्रश्न होता. लग्नाच्या वाढदिवसाची तारीख साहेबांना वहिनी आठवून देतात. या दोन तारखा मात्र झोपेतही चुकत नाहीत.

अशा माणसाबरोबर राहणं सोपं नाही. लग्नसराईत व्हॉट्सॲपवर पत्रिका येतात, सगळ्या चित्ररूप. साहेबांनी सख्ख्या मावसभावाला उत्तर धाडलं : “पत्रिकेतील मजकूर वाचनयोग्य नाही. सबब वधू कोण, वर कोण व मुहूर्त केव्हाचा याचा बोध होत नाही. फेरसादर करावी.” मावसभाऊ महिनाभर बोलला नाही. पण धाकट्या मुलीच्या लग्नाला त्यानं पत्रिकेखाली सगळा मजकूर टाइप करून पाठवला, आहेर आणू नये या ओळीसकट. साहेब तासभर आधी हजर होते.

पुतण्यानं कॅलेंडर बदललं. आता तारीख हातानं लिहिताही येते. कळसूबाईच्या फोटोला त्यानं ‘लोखंडी शिडीवरून शिखराकडे चढणारे ट्रेकर’ असं लिहिलं, त्यावर साहेबांनी “प्रगती आहे” असा शेरा दिला. ‘समाधानकारक’ हा शब्द नोकरीतही त्यांच्याकडून फार थोड्या गुरुजींना मिळाला.

तुमच्या दुकानाचं, पतसंस्थेचं, ग्रामपंचायतीचं संकेतस्थळ असेल तर दुपारी चारनंतर साहेबांकडे घेऊन या. माउस घरी ठेवा, शंभर गुणांचा कागदही. चहा वहिनी देतील, तक्ता आधी ऐकावा लागेल.