शिक्क्याची गरज नाही, यावर शिक्का मारून आणा

डिजिटल सातबाऱ्याच्या तळाशी छापलेलं असतं की या उताऱ्यावर कोणत्याही सही-शिक्क्याची आवश्यकता नाही. जुन्नर-आंबेगावातला कुठलाही कर्जदार सांगेल, शिक्का नेमका तिथेच बसतो. ‘नाही’ या शब्दावर जांभळा गोल उमटला की बँकेच्या खिडकीतले साहेब म्हणतात, “आता झाला कागद पक्का.”

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याच्या कलम ५ नं इलेक्ट्रॉनिक सहीला हाताच्या सहीचा मान दिला. पण कायदा दिल्लीत झाला आणि शाईचं पॅड इथं आहे. १५ रुपये भरून उतारा काढावा, त्यावर तलाठ्याचीच डिजिटल सही असावी, आणि खिडकीनं म्हणावं, “तलाठ्याची सही आणा.” अहो, ही त्यांचीच! “मग दिसत का नाही?” म्हणजे तलाठीभाऊसाहेबांनी आपल्याच सहीखाली ‘ही माझीच’ अशी सही ठोकायची. उताऱ्यावर पडताळणी क्रमांक असतो, तो संकेतस्थळावर टाकला की खरंखोटं तिथल्या तिथे कळतं. साहेबांच्या संगणकाला इंटरनेट नाही म्हणावं, तर त्यावर क्रिकेट चालू असतं.

बरं, शिक्काही कसलाही चालत नाही. चौकोनी असला तर गोल हवा, गोल फिका उमटला तर गडद हवा, गडद फासला तर नवी प्रत हवी, आणि नव्या प्रतीवर पुन्हा छापलेलं असतंच की शिक्क्याची आवश्यकता नाही. जुन्नरजवळच्या मानमोडीच्या लेण्यांत करंजाच्या शेताचं दान निवर्तन या जुन्या मापात मोजून दगडात कोरलंय. सुमारे दोन हजार वर्षं झाली, शिक्का नाही. ते शेत आज तारण ठेवायचं तर लेणं उचलून तलाठ्याच्या सज्जावर न्यावं लागेल. तिथे भाऊसाहेब मीटिंगला गेलेले असतील. आहुप्याहून घोडेगावला आलेल्या माणसाची त्या एका गोलापायी रोजी बुडते, एसटी चुकते, खताचे दिवस निघून जातात, आणि वर त्यालाच ऐकवायचं की फसवणूक टाळायला हे करावं लागतं! कसली फसवणूक? रबरी शिक्का कुठल्याही शहरात तासाभरात बनवून मिळतो. ज्याची नक्कल पोरसुद्धा करील त्यावर यांचा विश्वास, आणि जिची करता येत नाही त्या डिजिटल सहीवर संशय. हा अडाणीपणा नाही, माणसाला उंबऱ्यावर उभं ठेवण्याची चटक आहे.

मृत्युपत्राला मात्र इलेक्ट्रॉनिक सही चालत नाही, असं त्याच कायद्याची पहिली अनुसूची सांगते. तेव्हा म्हाताऱ्यांनी पेन जवळ ठेवावं. या चालीनं पीककर्जाच्या आधी तोच कागद लागेल.