शेतकरीहितार्थ एक घोट

शनिवारी सकाळी मुंबईहून नाशिककडे धावणाऱ्या गाड्या पाहिल्या की ऊर भरून येतो. केवढी ही शेतकऱ्यांची कळकळ! जानेवारी २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने किमान हजार चौरस फुटांच्या सुपरमार्केटात वाइन विकायला संमती दिली, तेव्हाच स्पष्ट झाले होते की हे सारे द्राक्ष बागायतदारांसाठी चालले आहे. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरातल्या वायनरींत मंडळी पेला तिरका धरतात, गरगर फिरवतात, त्यात नाक खुपसतात आणि एकदाही बांधावर न उतरता जिभेवर ‘ओल्या मातीचा’ स्वाद शोधतात. कष्ट म्हणतात ते हेच.

परतीच्या वाटेवर अशा समाजसेवकांना पोलिसांनी यंत्रात फुंकायला लावणे हा शुद्ध कृतघ्नपणा आहे. त्या यंत्राने मद्याऐवजी शेतकरीप्रेमाचे प्रमाण दाखवावे आणि ठरावीक आकड्याच्या पुढे टोल माफ व्हावा. (चार पेले रिचवलेल्यांना कृषिभूषणसाठी अर्ज करता यावा, हे ओघानेच आले.)

गावाकडे मात्र अजून अज्ञान आहे. तिथे कुणी संध्याकाळी देशीची क्वार्टर घेतली, की बायको त्याला बेवडा म्हणते. देशी मळीपासून होते, मळी उसापासून, म्हणजे तोही बिचारा शेतकऱ्याचेच भले करत असतो. फक्त त्याच्या ग्लासाला दांडी नसते.