ठराव क्रमांक सात : नको असलेला डेस्कटॉप काढून टाकणेबाबत

मुंबईला नकोशी झालेली वस्तू कुठे जाते, हे कुणालाही विचारू नका, देवनारकरांना विचारा. शहराचा कचरा १९२७ पासून आमच्याकडे येतोय. वांद्र्याचा कत्तलखाना वांद्र्याला खपेनासा झाला, तो १९७१ साली आमच्याकडे आला. सगळं टाकाऊच आलं असंही नाही. १९३६ साली नागपाड्यात सुरू झालेली टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजेच 'टिस', १९५४ साली इथे आली आणि अभ्यासाचा विषय तिला कुंपणापलीकडेच मिळाला. तात्पर्य, संगणकावर जसा कचऱ्याच्या डब्याचा फोल्डर असतो, तसे आम्ही मुंबईचे फोल्डर. पुसलेली फाइल त्यात येऊन पडते, पुसणाऱ्याचा पडदा स्वच्छ दिसतो आणि डबा रिकामा करायचं कुणाच्याही लक्षात राहत नाही.

त्यामुळे सोसायटीच्या ऑफिसातल्या संगणकावरून नको असलेला डेस्कटॉप काढायचा विषय निघाला, तेव्हा कमिटी अजिबात डगमगली नाही. काढून टाकलेल्या गोष्टींसोबत राहण्याचा आम्हाला जेवढा अनुभव आहे, तेवढा संबंध आशिया खंडात कुणाला नसेल.

प्रकरणाची पार्श्वभूमी अशी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. आमचा संगणक विंडोज ११ साठी अपात्र ठरला. 'अपात्र' हा शब्द या भागात फक्त झोपडीधारकांसाठी राखून ठेवलेला होता; तो डब्यासारख्या यंत्रालाही लागू झाल्याने सभासद थोडे हळहळले. खजिनदारांनी ताबडतोब नव्या संगणकाची तीन कोटेशनं मागवली. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची 'टिस'मध्ये शिकणारी मुलगी म्हणाली, "काका, खर्च कशाला? उबुंटू टाकून देते." उबुंटू म्हणजे लिनक्स, आणि लिनक्स म्हणजे फुकट. खजिनदार 'फुकट' या शब्दापाशी थांबले आणि ठराव मंजूर झाला.

इथे एक तांत्रिक खुलासा. लिनक्समध्ये संगणक चालवणारी यंत्रणा वेगळी आणि आपल्याला दिसणारा दर्शनी भाग, म्हणजे खिडक्या, पट्ट्या, चिन्हं, सेटिंग, वेगळा. या दर्शनी भागाला डेस्कटॉप म्हणतात. असे डेस्कटॉप बरेच आहेत आणि एकाच संगणकावर एकाहून जास्त नांदवता येतात. नांदवता येतात याचा अर्थ नांदवावेत असा नाही, हे एकत्र कुटुंबातल्या कुणालाही सांगायला नको. उबुंटूसोबत आलेला डेस्कटॉप होता ग्नोम. साधा, मितभाषी, बटणं कमी. मेन्टेनन्सची बिलं निघू लागली.

मग दिवाळीत खजिनदारांचा भाचा आला. ग्नोम बघून त्याने नाक मुरडलं आणि एक ओळ टंकली : सुडो ॲप्ट इन्स्टॉल कुबुंटू-डेस्कटॉप. (ॲप्ट म्हणजे प्रोग्रॅमची पॅकेजं आणणारा आणि काढणारा कारभारी.) संगणकाने विचारलं, पुढे जाऊ का? भाच्याने 'वाय' दाबलं. भाऊबीज आटोपून तो पुण्याला परत गेला. केडीई नावाचा दुसरा डेस्कटॉप मात्र आमच्याकडेच राहिला.

या केडीईची घोषणा मथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने केली ती १९९६ साली, तीही १४ ऑक्टोबरलाच. केडीई ज्या पायावर उभं होतं, त्याचा परवाना तेव्हा पुरता मुक्त नव्हता, म्हणून काही जण रागावले आणि १९९७ साली त्यांनी ग्नोम सुरू केला. म्हणजे या दोघांचं भांडण आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या भांडणापेक्षा जुनं. ते आता ऑफिसात नांदू लागलं. फाइली बघायला दोन प्रोग्रॅम, सेटिंग दोन, टर्मिनल दोन, मजकूर लिहायला दोन. केडीईच्या घरातली नावं बहुतेक 'क'वरून : कॉन्सोल, केट, केकॅल्क. एकता कपूर यांची जुनी मालिका लागलीय असंच वाटावं. शिवाय केवॉलेट नावाचं एक पाकीट अधूनमधून पासवर्ड मागायचं. सेक्रेटरी तो द्यायला नकार द्यायचे, कारण पाकीट म्हटल्यावर खजिनदारांचा संशय येणं हा त्यांचा घटनादत्त अधिकार. दोन महिन्यांत कमिटीत ग्नोम गट आणि केडीई गट पडले. दोन्ही गटांत संगणक चालवता येणारा एकही सभासद नव्हता, त्यामुळे चर्चा फार जोमदार झाली.

शेवटी सभा बोलावली. गणपूर्तीअभावी ती प्रथेप्रमाणे अर्धा तास तहकूब झाली आणि तेवढ्याच माणसांत त्याच जागी पुन्हा भरली. ठराव क्रमांक सात : 'नको असलेला डेस्कटॉप काढून टाकणेबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे.'

सेक्रेटरींची सूचना सोपी होती. ज्या नावाने टाकलं, त्याच नावाने काढा. सुडो ॲप्ट रिमूव्ह कुबुंटू-डेस्कटॉप. जागेवर करून पाहिलं. क्षणात काम झालं, टाळ्या पडल्या. संगणक पुन्हा सुरू केला तर केडीई जिथल्या तिथे, केवॉलेट पासवर्ड मागतंय. मुलीने समजावलं, की कुबुंटू-डेस्कटॉप हे नुसतं पाकीट आहे. त्यात लिहिलंय, अमुक अमुक मंडळींना बोलवा. पाकीट फाडलं म्हणून आत आलेली मंडळी उठून जात नाहीत. हे सभासदांना लगेच पटलं. २०१६ च्या जानेवारीत डम्पिंग ग्राउंड पेटलं आणि त्याचा धूर नासाच्या उपग्रहानेही टिपला, तेव्हापासून 'हे डम्पिंग आता बंद' अशी घोषणा आम्ही इतक्यांदा ऐकलीय, की घोषणेचं पाकीट आणि आतला माल यातला फरक आमच्या शेंबड्या पोरालाही कळतो.

दुसरी सूचना केडीई गटाच्या एका माजी कार्यकर्त्याची. आता पक्षांतर करून ते ग्नोमवाले झाले होते आणि म्हणून जास्त कडवे. "जे जे 'क'चं दिसेल ते सगळं उडवा," ते गरजले. मुलगी म्हणाली, "काका, लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. तोही 'क'चाच." सूचना मागे घेण्यात आली.

मग तिने २०२१ सालची एक गोष्ट सांगितली. लायनस सेबॅस्टियन हा कॅनडातला नामांकित यूट्यूबर, संगणक जोडणं हाच त्याचा धंदा. पॉप ओएस या लिनक्सवर त्याला खेळांसाठी स्टीम नावाचा प्रोग्रॅम टाकायचा होता. पॅकेजांच्या यादीत तेव्हा एक घोळ होता. त्यापायी संगणकाने सांगितलं, की हे टाकायचं तर अख्खा डेस्कटॉप काढावा लागेल, हे धोक्याचं आहे, तरी करायचंच असेल तर 'होय, मी सांगतो तसंच कर' असं पूर्ण वाक्य टंका. त्याने टंकलं. संगणकाने ऐकलं. पुढे काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. एवढा बोभाटा झाला, की ॲप्टवाल्यांनी आपल्या यंत्रणेची वागणूकच बदलली. सभेत शांतता पसरली. मग एक आजोबा म्हणाले, "म्हणजे यादी समोर होती आणि त्याने वाचली नाही?" मुलगी म्हणाली, "नाही." आजोबा म्हणाले, "मग तो आपल्या सोसायटीत शोभला असता. आपण डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट असंच सही केलं होतं."

यानंतर जे उपठराव झाले, ते इतर सोसायट्यांच्या माहितीसाठी देत आहे.

(अ) जो डेस्कटॉप ठेवायचा आहे, त्यात आधी शिरावं. केडीईत बसून केडीई काढणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड. त्याआधी हिशेबाच्या फाइली पेन ड्राइव्हवर घ्याव्यात. पेन ड्राइव्ह कुणाकडे राहील यावर वीस मिनिटं चर्चा झाली. तो दोन्ही गटांना नको असलेल्या सभासदाकडे देण्यात आला.

(आ) दारावरचा रखवालदार ठरवावा. संगणक सुरू होताच नाव आणि पासवर्ड विचारणारा एक स्वतंत्र प्रोग्रॅम असतो. ग्नोमचा जीडीएम, केडीईचा एसडीडीएम. भाच्याने दुसरा नेमला होता. त्याला आधी काढलं आणि पहिल्याला रुजूच करून घेतलं नाही, तर दार उघडायलाच कुणी उरत नाही. म्हणून सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर जीडीएम३ ही आज्ञा देऊन जुन्याची फेरनेमणूक करावी. वॉचमनच्या एजन्सीने एवढी शिस्त कधी पाळली नाही, अशी नोंद इतिवृत्तात घ्यावी ही सूचना फेटाळण्यात आली.

(इ) काय आलं होतं ते दप्तरात बघावं. ॲप्ट सगळी नोंद ठेवतं : कोणत्या तारखेला, कोणत्या आज्ञेने, काय काय आलं. व्हार, लॉग, ॲप्ट या फोल्डरांत उतरत गेलं, की हिस्टरी नावाची फाइल सापडते. भाच्याच्या त्या एका 'वाय'ने आलेल्या शेकडो पॅकेजांची नावं त्यात शिस्तीत लिहिलेली निघाली. सोसायटीचं २००९ ते २०१४ चं दप्तर अजून मिळालेलं नाही, ही आठवण कुणीतरी नेमकी याच वेळी काढली. सेक्रेटरींनी पाणी मागवलं.

(ई) आधी रंगीत तालीम. ॲप्टच्या आज्ञेत 'वजा एस' घातलं, की ते काही काढत नाही; काढलं असतं तर काय काय गेलं असतं, एवढंच सांगतं. ही यादी वरपासून खालपर्यंत वाचावी. तीत उबुंटू-डेस्कटॉप, जीडीएम३, एक्सऑर्ग किंवा नेटवर्क-मॅनेजर दिसला, तर हात मागे घ्यावा. नेटवर्क-मॅनेजर गेला, की वाय-फाय जातं आणि चूक दुरुस्त करायला लागणारी पॅकेजं उतरवण्याचा रस्ताही त्याच्यासोबत जातो.

(उ) मगच 'पर्ज'. 'रिमूव्ह'ने प्रोग्रॅम जातो आणि त्याच्या सिस्टीममधल्या सेटिंगच्या फाइली मागे राहतात. 'पर्ज'ने त्याही जातात. आपल्या घरच्या फोल्डरात मात्र दोन्ही आज्ञा पाऊल टाकत नाहीत. तिथल्या कॉन्फिग नावाच्या लपलेल्या फोल्डरात केडीईच्या आवडीनिवडी तशाच पडून राहतात. त्या पुसू नयेत, दुसऱ्या फोल्डरात हलवाव्यात. महिनाभर कुणी विचारलं नाही, की मग निरोप द्यावा.

(ऊ) पडदा काळा झालाच तर आरडाओरडा न करता कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबावं. अक्षरांची खिडकी उघडते. तिथे नाव, पासवर्ड देऊन सुडो ॲप्ट इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप म्हणावं. इंटरनेटची केबल हाताशी असावी.

शेवटची पायरी 'ऑटोरिमूव्ह'ची. ही आज्ञा दिली, की ॲप्ट एक यादी पुढे करतं : ही पॅकेजं दुसऱ्या कुणासाठी आपोआप आलेली होती, आता त्यांची गरज नाही. सेक्रेटरी 'वाय' दाबायला पुढे सरसावले. मुलीने त्यांचा हात धरला. "थांबा काका. गरज नाही असं ते म्हणतंय. आपल्याला विचारलंय कुठे?" यादी वाचली, तर बिलं छापायला लागणारा एक प्रोग्रॅम तीत निघाला. केडीईसोबत आला होता, पण दोन महिने राबत होता सोसायटीसाठी. ॲप्ट-मार्क मॅन्युअल ही आज्ञा देऊन त्याचं नाव कायम रहिवाशांत घातलं, मग बाकीचे गेले. खर्च शून्य रुपये. ऑडिटरने यावर आक्षेप घेतलाय, की तीन कोटेशनं न मागवता शून्य रुपयांचा खर्च कसा केला. आयत्या वेळच्या विषयांत एका सभासदाने 'एक्सएफसीई नावाचा हलका डेस्कटॉप येतो म्हणे' अशी सुरुवात केली. अध्यक्षांनी राष्ट्रगीत सुरू केलं.

सभा संपली, पण तो 'गरज नाही'वाल्या यादीचा विषय जिन्यात चालूच राहिला. कारण आता आमच्या डब्याचा फोल्डरही रिकामा होणार आहे. डम्पिंग ग्राउंडवरचा सुमारे १८५ लाख टन जुना कचरा चाळून, निवडून हलवायचा, तीन वर्षांत, सुमारे २,३६८ कोटी रुपयांत, अशी निविदा महापालिकेने २०२५ साली काढली. राज्य सरकारने त्याच्या आदल्या वर्षीच तिथली सुमारे १२४ एकर जमीन धारावीच्या लोकांच्या पुनर्वसनासाठी द्यायचं ठरवलं आहे. म्हणजे एका ठिकाणाहून कचरा काढायचा आणि दुसऱ्या ठिकाणाहून माणसं काढून त्या जागी ठेवायची. कचऱ्याची सोय होत नाही तोवर नव्या इमारतींना परवानग्या देऊ नका, असं उच्च न्यायालयाने २०१६ साली शहराला बजावलं होतं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाकडून सवलत मिळाली आणि शहराने सुटकेचा श्वास घेतला. तो श्वास कोणत्या हवेत घ्यायचा, हा प्रश्न आमच्याकडे वळता झाला.

डम्पिंगच्या या डोंगरावर कचरा वेचून पोट भरणारी माणसंही आहेत. शहराच्या यादीत तीसुद्धा 'दुसऱ्या कुणासाठी आपोआप आलेली' अशीच नोंदलेली असणार. पत्रे, प्लास्टिक, काच निवडून शहराचं ओझं ती इतकी वर्षं फुकटात हलकं करत आली. त्यांची गरज आहे की नाही, हे ऑटोरिमूव्हवर सोडलं तर उत्तर काय येईल, ते सांगायला संगणक लागत नाही.

म्हणून ठराव क्रमांक सातची एक प्रत महापालिकेला रवाना केली आहे. आमचा विरोध कशालाच नाही, डोंगर जावा ही तर तीन पिढ्यांची इच्छा. विनंती एकच : 'पर्ज'च्या आधी एकदा 'वजा एस' चालवा. काय जाणार, कुठे जाणार, कोण जाणार आणि त्या जागी कोण येणार, ती यादी मराठीत, मोठ्या अक्षरांत, गोवंडी स्टेशनबाहेर लावा. 'वाय' दाबायचं की 'एन', ते आम्ही वाचून सांगू.