लॅपटॉपला काय धाड भरलीय?

"वहिनी, डिक्कीत काय भरताय? लॅपटॉप? भंगारात निघाला की काय?"

"काय करणार! त्यावर विंडोज ११ चढतच नाही. दुकानवाला म्हणाला, नवाच घ्या."

"तो म्हणणारच, त्याचं पोट आहे त्यावर. कधीचा आहे?"

"२०१६ चा. चाकणला होतो तेव्हा घेतलेला."

"मग त्याला काय धाड भरलीय? या इकडे, कुंपणाशी. अहो, तो बिघडलेला नाहीच. विंडोज १० चं अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं आणि ११ ला टीपीएम २.० ची, म्हणजे सुरक्षेची, चिप लागते, शिवाय इंटेलचा असेल तर आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर. आठवी पिढी आली २०१७ मध्ये. वर्षभरानं हुकला बिचारा! इथे जर्मनीत आपल्या गावात दहा वर्षांची गोल्फ गाडी दर दोन वर्षांनी ट्यूफची तपासणी पास होऊन ऐटीत फिरते. तिचे ब्रेक बघतात, टायर बघतात. तुमच्या लॅपटॉपचं कुणी काही बघितलं तरी का?"

"पण एक वर्ष मुदतवाढ मिळते ना? हे म्हणत होते."

"मिळते, ऑक्टोबर २०२६ पर्यंत. आपल्याकडे युरोपात फुकट, फक्त मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. पण पुढं काय? तुम्हाला म्हणून सांगते, कोपऱ्यावरच्या ताईंनी एका दमात दोन नवे घेतले. जुने दोन्ही तळघरात लोणच्याच्या बरण्यांशेजारी पडलेत. तुम्ही विंडोजच्या जागी लिनक्स घाला."

"ते काळ्या पडद्यावर टाइप करायचं? नको गं बाई."

"तो जमाना गेला. आमचा पलीकडच्या आजोबांनी करून दिला. सगळा जन्म कारखान्यात काढलेला माणूस, रिटायर झाला तरी हाताला स्वस्थता नाही. आधी खालचं झाकण उघडलं. कागदावर लॅपटॉपची आकृती काढली आणि जो स्क्रू जिथला, तो त्या जागी कागदात टोचून ठेवला. पंख्यातून मांजराच्या शेपटीएवढा कचरा निघाला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवली. म्हणाले, अर्धा फरक इथेच पडतो, सिस्टिमचं कौतुक नंतर करा. वर लिनक्स मिंट घातलं, त्यातलं हलकं, एक्सएफसीईवालं. त्याला कमीत कमी २ जीबी रॅम लागते, ४ असली तर बरं. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, सासूबाईंना बदल कळलासुद्धा नाही."

"मराठी येतं त्यात?"

"येतं तर! किबोर्डमध्ये मराठी निवडायचं. लोहित नावाचा देवनागरी फॉन्टही मिळतो, त्यावर पुण्यातल्या रेड हॅटच्या माणसांनी पुष्कळ काम केलंय. फुकटात मिळतं म्हणून फडतूस समजू नका."

"इतकं चांगलं आहे तर सरकार का वापरत नाही?"

"वापरत होतं की! आपल्याच नीडरझाक्सन राज्याच्या टॅक्स खात्यात तेरा हजारांच्या आसपास कॉम्प्युटरांवर लिनक्स होतं. २०१८ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरलं. म्युनिकनं तर दहा वर्षं खपून पंधराएक हजार मशीन लिनक्सवर नेली आणि २०१७ मध्ये माघार घेतली. आणि एल्बे नदीपलीकडे श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यानं २०२४ मध्ये जाहीर केलं, आमची तीस हजार मशीन आता लिनक्सवर जाणार. एक उठतो, एक बसतो! माझं विचाराल तर त्यात मशीनपेक्षा राजकारणच जास्त. आपल्या घरात कुठली आघाडी आलीय?"

"आमच्या घरात एकहाती सत्ता आहे."

"तेच म्हणते! पण एक सांगते, नंतर मला बोल लावू नका. सिस्टिम हलकी झाली म्हणून इंटरनेटची पानं हलकी होत नाहीत. ४ जीबीत तुम्ही यूट्यूब, बँक, व्हॉट्सॲप आणि वर वीस टॅब उघडलेत, की ते रडणारच. जमलं तर रॅम ८ करा. टॅक्स भरायचं एल्स्टर ब्राउझरमध्ये चालतं, कागदपत्रांना लिब्रेऑफिस आहे. पण भावजींचं विंडोजचं एखादं खास सॉफ्टवेअर असेल तर आधी विचारून घ्या. आणि त्यांच्या ऑफिसच्या लॅपटॉपला बोट लावू नका, नाहीतर थेट चाकणला परत जाल!"

"सासऱ्यांचा तो छोटा नेटबुक आहे, १ जीबीवाला. त्याचं काय?"

"तो ३२ बिटचा असेल तर पंचाईत आहे. डेबियन नावाच्या लिनक्सनंसुद्धा २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केला. अँटिएक्स २३ चा ३२ बिटचा अवतार मिळतो, नाहीतर पपी लिनक्स. पपी २००३ पासून आहे, अख्खं रॅममध्ये चढून बसतं. पण त्यावर भजनं ऐकायची, पत्ते खेळायचे, इतकंच. बँक नको."

"आणि नाही आवडलं तर?"

"आधी नुसतं चालवून बघा, नाही आवडलं तर न घालताच बंद करा. पेनड्राइव्हवरून चालू होतं, आतल्या डिस्कला हात न लावता. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर दिसतोय का, सगळं बघून घ्यायचं. आमच्या प्रिंटरनं दोन दिवस असहकार पुकारला होता, तेव्हा प्रिंटर आधी बघा. पेनड्राइव्ह ८ जीबीची पुरे. तिच्यात फोटो असतील तर आधी काढा, सगळं पुसलं जातं. आणि लॅपटॉपमधलेही दुसरीकडे ठेवा, बाळाच्या बारशाचे असतील ना?"

"मुंजीचेसुद्धा आहेत!"

"मग आज राहू दे. डिक्कीतून काढा तो, आधी फोटो उतरवा. आजोबांना शनिवारी बोलावते. येताना त्यांच्यासाठी चकल्या आणा, तिखट कमी. मागच्या वेळी घाम पुसत पुसत पाच खाल्ल्या."