मुक्काम पोस्ट मॅस्टोडॉन

ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलर मोजून ट्विटर विकत घेतलं आणि त्या व्यवहाराचा सर्वांत जास्त मनस्ताप डोंबिवली पूर्वेला झाला. जगाचा संवाद एका माणसाच्या खिशात जाणं मला मान्य नव्हतं. त्याआधी तो कोणाच्या खिशात होता, असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पण सुदैवानं कोणी विचारलं नाही.

"मी ट्विटर सोडतोय," मी घरात जाहीर केलं.

"सोडा. येताना दूध आणा," ही म्हणाली.

निरोपाचा मजकूर लांबला, तुकडे पाडून टाकावा लागला. त्यात मी आगरकरांना आणलं. मतभेद विकोपाला गेल्यावर आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये स्वतःचा 'सुधारक' काढला, आणि आता मीही त्याच वाटेनं निघालो आहे, असा एकूण सूर होता. मोजक्या लोकांनी बदाम दाबला. त्यातला एक बिटकॉइन विकणारा होता.

रात्री स्टुटगार्टहून भाचीचा फोन आला. "मामा, तू मॅस्टोडॉनवर ये. तिथे मालकच नाही."

मॅस्टोडॉन म्हणजे हत्तीचा नामशेष झालेला चुलतभाऊ. नव्या उपक्रमाला मेलेल्या जनावराचं नाव द्यायला वेगळंच धैर्य लागतं. जर्मनीतल्या ऑयगेन रोख्को या तरुणानं ते २०१६ मध्ये दाखवलं. त्यानं वेबसाइट काढून दुकान मांडलं नाही, सॉफ्टवेअर लिहून ते खुलं सोडून दिलं. ज्याला हवं त्यानं ते उचलावं, आपल्या सर्व्हरवर चढवावं, आपले नियम लावावेत. असे हजारो सर्व्हर आहेत आणि ॲक्टिव्हिटीपब नावाच्या सामाईक नियमांनुसार ते आपसांत निरोपांची देवाणघेवाण करतात. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं २०१८ मध्ये त्या नियमांवर रीतसर शिक्का मारला आहे. त्यामुळे तिथे पत्ता पुरा सांगावा लागतो, तुमचं नाव आणि पुढे सर्व्हरचं नाव. नुसतं 'कुलकर्णी' चालत नाही, कुठले कुलकर्णी तेही सांगा.

कुठले, हेच तर ठरत नव्हतं. सर्व्हरच्या यादीत विज्ञानाचे होते, विणकामाचे होते, एकेका शहराचे होते. शेवटी ज्याच्या मुखपृष्ठावर डोंगरातून जाणाऱ्या आगगाडीचं सुंदर चित्र होतं तो निवडला. अर्जात एकच प्रश्न होता: तुम्हाला इथे का यायचं आहे? मी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर सणसणीत उतारा लिहिला, आगरकर पुन्हा आले. उत्तर चक्क माणसाकडून आलं. सर्व्हर चालवणाऱ्या गृहस्थांनी लिहिलं होतं, "स्वागत आहे. पण इथे आम्ही मुख्यतः रेल्वेबद्दल बोलतो. चालेल ना?"

म्हणजे ते चित्र नुसतं सजावटीचं नव्हतं.

चालेल म्हटलं. डोंबिवलीकराला रेल्वेची काय भीती? पण क्रांती करायला आलेला माणूस पहिल्याच दिवशी रुळांच्या रुंदीवर कसा बोलणार? मी लोकशाही आणि माध्यमं या विषयावर लिहायला लागलो. सर्व्हरवरची मंडळी बहुतेक जर्मन. सकाळी चहाबरोबर लिहायचो, तेव्हा जर्मनी गाढ झोपेत असायची. आपलं घड्याळ त्यांच्यापुढे हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. मॅस्टोडॉनवर मजकूर आला त्या क्रमानं खाली सरकत जातो. कोणाचं लेखन वर उचलायचं हे ठरवणारा अल्गोरिदम तिथे नाही, आणि ती तिथली अभिमानाची गोष्ट आहे. ते उठेपर्यंत माझी लोकशाही तळाला गेलेली असायची.

इथे मला एक शोध लागला, तो फारसा सुखद नव्हता. ज्या अल्गोरिदमला मी शिव्या घालत होतो, तोच अधूनमधून चार अनोळखी माणसं पकडून माझ्यासमोर बसवत होता. इथे कोणी कोणाला पकडत नव्हतं. बोलायचं स्वातंत्र्य मला होतं आणि न ऐकायचं बाकी सगळ्यांना.

शेवटी कंटाळून एका सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर फास्ट लोकलचा फोटो काढला आणि टाकला. संध्याकाळपर्यंत प्रश्नांचा पाऊस. ही गाडी २५ हजार व्होल्टवर चालते का? १,५०० व्होल्टची जुनी डीसी पद्धत पूर्ण गेली का? भारतातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटीहून कुर्ल्याला गेली, ती याच मार्गावरून का? जन्मभर मी त्या तारेखालून गेलो, पण ती कितीची आहे हे कधी विचारलं नव्हतं. रात्री बसून वाचलं आणि उत्तरं दिली: मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरची डीसी २०१५ मध्ये संपली, आणि पहिली गाडी गेली ती हार्बरवरून. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या लेखनावर कोणीतरी "अधिक सविस्तर लिहाल का?" असं म्हटलं होतं.

तेवढ्यात एका बाईंनी नम्रपणे सुचवलं की फोटोला वर्णन जोडा, इथले काही सभासद अंध आहेत, ते यंत्राकडून वाचून घेतात. तिथला हा रिवाज मला मनापासून आवडतो. मुद्दा मांडायला ५०० अक्षरं आणि फोटोचं वर्णन करायला १,५०० अशी तिथे सोय आहे. मी आधी लिहिलं, "लोकल. गर्दी." मग लाज वाटून नीट लिहायला बसलो. दरवाजातला माणूस आत आहे की बाहेर हे सांगता येत नाही. त्याचा एक पाय डब्यात आहे, दुसरा हवेत. सॅक पाठीवरून काढून पोटाशी घेतली आहे. डावा हात कडीला पोचलेला नाही, पण कडीला धरलेल्या माणसाच्या मनगटाला पोचला आहे. मनगटवाल्याची हरकत दिसत नाही.

"एवढं काय टाइप करताय?" हिनं विचारलं.

"लोकलचं वर्णन."

"जर्मनांना? मग ते येणारच नाहीत इकडे."

दुसऱ्या दिवशी एका अंध गृहस्थांचा एका ओळीचा प्रश्न आला होता: "तो माणूस मग आत गेला का?" माझ्या लोकशाहीवरच्या समग्र लेखनाला असा वाचक मिळालेला नाही.

यशानं माणूस बिघडतो. रविवारी मी बांगडा तळला आणि त्याचा फोटो वर्णनासकट टाकला. सर्व्हरचालकांनी कळवलं की मांसमच्छीचे फोटो इशाऱ्याच्या पडद्याआड टाकायचे, हा इथला नियम आहे. मी तणतणत "सावधान, बांगडा" अशी पाटी लावली आणि भाचीला खाजगीत लिहिलं की तुझे हे सर्व्हरवाले खडूस आहेत. 'सर्व्हरवाले' या जागी स्पष्टतेसाठी त्यांचा पूर्ण पत्ता टाकला, चिन्हासकट.

मॅस्टोडॉनवर खाजगी निरोप म्हणजे ज्यांचा पत्ता मजकुरात आहे त्या सगळ्यांना जाणारा निरोप. बाजूला सूचनाही असते, पण सूचना वाचणाऱ्यातले आम्ही नव्हे. सर्व्हरचालकांनी माझ्या मराठीचं भाषांतर करून वाचलं. उत्तरात रागाचा शब्द नव्हता, फक्त त्या महिन्याचा जमाखर्च होता: सर्व्हरचं भाडं, फोटो साठवायची जागा, डोमेनचं नाव. जमेकडे चार जणांच्या देणग्या आणि उरलेली रक्कम "स्वतःकडून". माझा बांगडा त्यांच्या पैशांनी साठवला जात होता.

"मालक नाही म्हणालीस ना?" मी भाचीला फोनवर विचारलं.

"मालक नाही रे मामा. भाडं भरणारा आहे."

लोक मला विचारतात, तिकडे यावं का? नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केल्यावर बरेच भारतीय रागानं मॅस्टोडॉनवर गेले होते. राग उतरला तसे पुष्कळ जण परतही आले. रागानं येणार असाल तर नका येऊ. प्रेक्षक हवे असतील तर मुळीच नका येऊ. विजेच्या तारा, भरतकाम, शेवाळं, असलं काही वेड असेल आणि घरात ते कोणी ऐकून घेत नसेल, तर मात्र आजच या. आमचे एक मित्र मधला मार्ग म्हणून ब्लूस्कायवर गेले. ते ट्विटरच्याच पोटात २०१९ मध्ये सुरू झालेलं, २०२४ मध्ये सर्वांना खुलं झालेलं. रचनेनं तेही विकेंद्रित आहे, पण बहुतेक मंडळी एकाच कंपनीच्या सर्व्हरवर राहतात. मित्र म्हणतात, सोयीचं आहे. सोयीचंच असतं ते.

पुढे आमच्या सर्व्हरचालकांना बाळ झालं आणि त्यांनी सर्व्हर बंद करायचं ठरवलं. एकदम कुलूप लावलं नाही, तीन महिने आधी कळवलं. आपल्याकडचं 'कू' जुलै २०२४ मध्ये बंद पडलं तेव्हा तिथल्या माणसांना शेजारी हलायची सोयच नव्हती. इथे ती आहे. अनुयायांना सोबत घेऊन दुसऱ्या सर्व्हरवर जाता येतं. लिहिलेलं मात्र मागे राहतं. मनगटवाल्यासकट ते वर्णन गेलं. प्रत माझ्याकडे नव्हती, कारण जतन करण्याजोगं मी फक्त लोकशाहीवरचं समजत होतो.

आता या वयात भाड्याच्या जागा बदलायच्या नाहीत, म्हणून मी स्वतःचाच सर्व्हर उघडायला घेतला आहे. भाची तांत्रिक बाजू बघते, खर्चाची वही माझ्याकडे. नियमावली मी लिहून काढली, कच्चा खर्डा हिला वाचायला दिला. तिनं चष्मा लावून सगळी कलमं वाचली.

"सभासद किती आहेत?"

"सध्या मी एकटाच."

"आणि भांडणं मिटवायला तीन जणांची समिती?"

"दोन जागा रिकाम्या आहेत," मी म्हणालो. "तू येतेस का?"

तिनं आधी देणगीचं कलम कुठे आहे ते विचारलं.