दुखायचं थांबलं

दातदुखीला वेळेचं भान नसतं असं लोक म्हणतात. मला तर उलट वाटतं. दवाखाना उघडा असतो तोवर, म्हणजे सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ, ती अगदी गुणी मुलीसारखी गप्प बसते. शनिवारी रात्री डॉक्टर सहकुटुंब पानशेतला पोचले आणि दवाखान्याचं शटर खाली आलं, की मग हिला कंठ फुटतो.

यात थोडं शास्त्रही आहे. दाताच्या पोटात मऊ गर असतो. नसा आणि रक्तवाहिन्या सगळ्या त्यातच, आणि भोवती चारी बाजूंनी कडक भिंत. बोट सुजलं तर त्याला फुगायला जागा तरी असते. या गराला ती चैन नाही. सुजला की तो स्वतःच्याच घरात चेंगरतो. त्यात आपण आडवे झालो की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि ठणका सुरू होतो. म्हणून दाढ दुखणारा माणूस रात्री दोन वाजता अंथरुणावर न सापडता खुर्चीत ताठ बसलेला सापडतो, एक हात गालाला लावून.

पुण्यात हे दुखणं गुप्त ठेवणं अवघड. गाल धरून जिना उतरलात की तळमजल्यापर्यंत चार उपचार हाती पडतात. हिंग ठेवा, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, तुरटी लावा आणि अर्थातच लवंग. ह्यातल्या लवंगेवर हसू नये. तिच्या तेलातलं युजेनॉल खरोखरच नस काही काळ बधिर करतं. झिंक ऑक्साइडबरोबर त्याची लुगदी करून दंतवैद्य पिढ्यानपिढ्या तात्पुरतं सिमेंट भरत आलेत. दवाखान्यात शिरल्या शिरल्या जो वास येतो आणि पोटात गोळा आणतो, तो बराचसा आपल्या मसाल्याच्या डब्यातलाच आहे. आजीचं अर्धं बरोबर होतं म्हणायचं. राहिलेलं अर्धं असं, की लवंगेनं ठणका झोपतो, किडलेलं भोक मात्र जागच्या जागी राहतं. पूर्वी रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे ‘काढून’ दाखवणारे फिरस्ते वैदू असत. त्यांचे किडे बहुधा बियांतूनच निघत. युरोपातही खुरासानी ओव्याच्या बिया जाळून हाच खेळ चाले, तेव्हा आपणच भोळे असं समजायचं कारण नाही.

दाताचं दुखणं कुठवर आलंय हे ओळखायची साधनं आपल्या गावात नाक्यानाक्यावर आहेत. एक मस्तानी, दुसरं अमृततुल्य. मस्तानीच्या पहिल्या घोटाला कळ आली आणि लगेच विरली, तर गर अजून शाबूत असण्याची शक्यता बरीच. नुसतं दात भरूनही भागेल. ग्लास खाली ठेवल्यावरही कळ रेंगाळत राहिली तर प्रकरण पुढे गेलंय. आणि अमृततुल्यचा गरम घोट घेतल्यावर ठणका उठत असेल, वर गार पाण्याची चूळ धरली की बरं वाटत असेल, तर गराची वेळ भरत आली. ही परीक्षा ढोबळ आहे, शेवटचा शब्द डॉक्टरांचा आणि एक्स-रेचा. पण चहा पिता पिता होणाऱ्या इतर निदानांपेक्षा, म्हणजे देशाच्या अर्थव्यवस्थेच्या वगैरे, ही पुष्कळच भरवशाची.

आता आमच्या मामांची गोष्ट. आठवडाभर दाढेनं त्यांचा जीव काढला. भाचेसुनेनं ओळखीच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन दिली, आणि त्या दिवशी सकाळी मामा प्रसन्न चेहऱ्यानं उठले. ठणका गेलेला. गरम नाही, गार नाही, काही म्हणजे काही लागेना. लगेच फोन करून त्यांनी वेळ रद्द केली आणि वाचलेल्या पैशांच्या आनंदात बाकरवडी आणली. तीही त्याच बाजूनं चावून दाखवली.

“काका, दुखायचं थांबलं म्हणूनच या,” डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या.

“अगं, पण दुखत नाही तर यायचं कशाला?”

“कारण आता दुखायला आत कोणी उरलेलं नाही.”

सगळी गोम इथे आहे. गर मेला की वेदना संपते, आजार संपत नाही. रिकाम्या झालेल्या त्या नळ्यांत जंतू निवांत संसार थाटतात आणि मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात. तिथे महिनोन्महिने काही कळत नाही. मग कधी हिरडीवर एक पुळी येते, फुटते, तोंड खारट होतं, पुन्हा बसते. आपण तिला उष्णतेची पुळी म्हणतो आणि सब्जा भिजत घालतो. किंवा एका सकाळी गाल सुजतो. मग माणूस औषधाच्या दुकानात जाऊन मागल्या वेळच्या चिठ्ठीवर अँटिबायोटिकची पट्टी आणतो. सूज उतरते, पट्टी अर्धी राहते, दोन महिन्यांनी सूज परत हजर. साधी गोष्ट अशी, की औषध रक्तातून जातं आणि मेलेल्या दातात रक्त जातच नाही. गोळी दारापर्यंत येते, आत शिरू शकत नाही.

खालच्या दाढांची मुळं जिभेखालच्या मोकळ्या जागांच्या अगदी शेजारी असतात. तिथे पू पसरला तर हनुवटीखालचा भाग लाकडासारखा कडक होतो, जीभ वर उचलली जाते आणि श्वासाची वाट बंद व्हायला लागते. जर्मनीतल्या लुडविग नावाच्या डॉक्टरांनी १८३६ मध्ये हे वर्णन करून ठेवलं आणि आजही ते दुखणं त्यांच्याच नावानं ओळखतात. तेव्हा त्यातून वाचणारे थोडे होते. आज बहुतेक वाचतात, पण वेळेवर पोचले तरच. तोंड उघडेनासं झालं, गिळताना त्रास व्हायला लागला, ताप भरला, सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, तर दातांच्या दवाखान्याचीही वाट न बघता सरळ मोठं इस्पितळ गाठावं. ससूनला जा, जवळचं असेल तिथे जा, पण सोमवारपर्यंत बघू म्हणू नका. मधुमेह असेल तर जास्तच घाई करा, कारण साखर जंतूंना पोसते आणि जंतू साखर चढवतात. सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये मृत्यूंच्या साप्ताहिक याद्या छापत, त्यांत ‘दात’ हे एक नेहमीचं कारण असे. (त्यात दात येण्याच्या वयातली तान्ही मुलंही धरलेली असत, म्हणून सगळा दोष दाढांच्या माथी मारू नये.)

मामा शेवटी दवाखान्यात गेले. रूट कॅनॉलचं नाव काढताच माणसं जी भुवई चढवतात, ती जुन्या काळाची देणगी आहे. आता बधिर करण्याचं इंजेक्शन नीट लागलं तर खुर्चीतला मुख्य त्रास तोंड उघडं ठेवण्याचा आणि त्यामुळे मधे बोलता न येण्याचा. मामांना दुसरा त्रास जास्त झाला. पू भरलेला असताना मात्र हे इंजेक्शन नीट लागत नाही, कारण तिथली आम्लता त्याचा जोर मोडते. ‘अगदी असह्य झालं की जाऊ’ हा बेत त्यामुळे पहिल्याच पायरीवर फसतो.

मग दाढेला वरून वाट पाडतात आणि केसासारख्या बारीक कानशींनी एकेक नळी साफ करतात. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, पण नळ्या पुष्कळदा चार, आणि ती चौथी जुन्या वाड्यातल्या चोरदरवाजासारखी शोधावी लागते. धुवायला वापरतात ते सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पांढरे कपडे शुभ्र करणारं तेच ब्लीच. शेवटी नळ्यांत भरतात तो गट्टापर्चा, मलायाच्या जंगलातल्या एका झाडाचा चीक. याच चिकाचं वेष्टण चढवून एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारा टाकत. १८७० मध्ये मुंबईहून एडनमार्गे सुएझकडे तार गेली आणि लंडनचा निरोप समुद्राखालून येऊ लागला, तीही ह्याच चिकात गुंडाळलेली होती. अमेरिकेतल्या बोमन या दंतवैद्यानं दाताच्या नळीत तो भरून दाखवला १८६७ मध्ये. त्याच साली पुण्यात ससून रुग्णालय सुरू झालं. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण असा योगायोग सापडला की तो चारचौघांत सांगितल्याशिवाय पुणेकराला जेवण जात नाही.

मोबाइलवर अधूनमधून एक निरोप फिरतो, की रूट कॅनॉल केलेले दात शरीरभर रोग पेरतात. ही शंभर वर्षांपूर्वीची कल्पना आहे. तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत संधिवातापासून वेडापर्यंत सगळ्याचं खापर दातांवर फोडून लोकांची अख्खी बत्तिशी उपटली गेली. संधिवात आणि वेड जागेवर राहिलं, माणसं बोळकी झाली. पुढच्या अभ्यासांत ती कल्पना टिकली नाही. निरोप मात्र टिकून आहे, कारण तो पुढे ढकलायला पैसे पडत नाहीत.

उपचार झालेला दात आतून निर्जीव असला तरी बाहेरून त्याला हाडाशी धरून ठेवणारा पडदा जिवंत असतो, त्यामुळे चावल्याचं त्याला नीट कळतं. फक्त तो ठिसूळ झालेला असतो, म्हणून दाढेवर टोपी बसवायची. मामांनी टोपीचा भाव ऐकून धातूची, सिरॅमिकची आणि झिर्कोनियाची अशी तिन्हींची तुलना कागदावर मांडून मागितली. ती त्यांना मिळाली. “आणि न बसवली तर?” त्यांनी विचारलं. “एखाद्या दिवशी बाकरवडी जिंकेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मामांनी मधली निवडली.

हल्ली तळजाईवर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत मामा दातांचे सल्लागार झालेत. कुणी गालाला हात लावला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “गरम लागतं की गार?” परवा एक निवृत्त बँकवाले म्हणाले, “महिनाभर दोन्ही लागत होतं. आता देवाच्या दयेनं काहीच लागत नाही.”

मामांनी खिशातून मोबाइल काढला आणि त्यांना न विचारता डॉक्टरीणबाईंचा नंबर लावला.