शिमला ऑफिसची थंडी

पुण्यात थंडी पडते ती निसर्गनियमाने पडते असे भूगोलाच्या पुस्तकात लिहिलेले असले, तरी आमच्या कट्ट्यावरील चौघांपैकी ज्याला आम्ही ‘वेधशाळा’ म्हणतो त्या गृहस्थाच्या मते ती खात्यामार्फत पडते. हवामान खात्याचे मुख्य दप्तर १९२८ साली शिमल्याहून उचलून पुण्यास आणले आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक ‘शिमला ऑफिस’ म्हणू लागले. पुढे १९४४ साली मुख्यालय दिल्लीस रवाना झाले, परंतु नाव मागेच राहिले, आणि नावाबरोबर शिमल्याची थोडी थंडीही जडसंग्रहाच्या यादीत चढवायची राहून गेल्यामुळे येथेच पडून राहिली, असा त्याचा सिद्धान्त आहे. ज्याने त्याच इमारतीत तेहतीस वर्षे हजेरीपटावर सही केली त्याच्याशी या विषयात वाद घालण्यात अर्थ नसतो. हवामानाच्या अंदाजांवर विनोद करावयाचा नाही, हा तर आमच्या कट्ट्याचा एकमेव लेखी नियम आहे.

१७ जानेवारी १९३५ हा दिवस म्हणजे ‘वेधशाळे’चे कुलदैवत. त्या दिवशी पुण्याचे किमान तापमान १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. त्या वेळी हा गृहस्थ जन्मास यावयाचा होता, इतकेच काय, त्याच्या तीर्थरूपांची मुंजही व्हावयाची होती. तथापि एखाद्या सरदार घराण्यातल्या माणसाने पानिपतावर पडलेल्या पूर्वजाचा उल्लेख करावा, तसा तो या आकड्याचा उल्लेख करतो. आम्ही हात चोळीत ‘आज फार गारठा आहे बुवा’ म्हणालो, की हा चहाच्या पेल्यावरून दृष्टी दूर लावतो, ‘एक पॉइंट सात’ एवढेच म्हणतो, आणि आमची थंडी जागच्या जागी बेकायदा ठरते.

उरलेल्या दोघांपैकी एक निवृत्त इतिहासशिक्षक. त्याला ‘बखरकार’ म्हणतात ते केवळ चिडविण्यासाठी, कारण अस्सल कागद दाखविल्याखेरीज तो स्वतःच्या जन्मतारखेवरही विश्वास ठेवीत नाही. दुसरा ‘मफलर’. दसऱ्याला जे वस्त्र त्याच्या गळ्यात पडते ते होळीच्या आत उतरत नाही, आणि त्याच्या घरातल्या प्रत्येक दाराला कोठून वारा येतो याचा नकाशा त्याला तोंडपाठ आहे. मी स्वतः महसूल खात्यातून निवृत्त झालेला कारकून. त्यामुळे कोणत्याही वादाचा शेवट पंचनाम्यात व्हावा अशी माझी स्वाभाविक वृत्ती आहे.

प्रस्तुत पंचनाम्याला निमित्त झाले ते वर्तमानपत्राचे. दर हिवाळ्यात एकदा तरी ‘पुणे महाबळेश्वरपेक्षा गार’ असा मथळा येतो. पुणेकर तो वाचून, आपण काहीतरी मिळविले आहे अशा मुद्रेने अंक घडी घालून ठेवतो. (मुंबईचा माणूस सतरा अंशांना स्वेटर काढतो, हे सांगण्याची उबळही याच सुमारास येते, नागपूरचा पाहुणा घरात असेल तर मात्र आपण गप्प बसतो.) मफलरला हा मथळा मुळीच मान्य नव्हता. ‘अरे, महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर, पुणे दोन हजारांच्याही आत. वर गेले की गार होते हे माझ्या नातवालासुद्धा ठाऊक आहे. तुझ्या खात्याची ती पेटी बिघडली असेल!’

पेटीचा अपमान झाल्यावर प्रकरण आपसात मिटण्यासारखे राहिले नाही. पांढरा रंग दिलेली, झडपांच्या भिंतींची, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर चार पायांवर उभी केलेली ती लाकडी पेटी आणि आत सावलीत, खेळत्या हवेत बसलेले तापमापक यांविषयी ‘वेधशाळा’ जवळजवळ पाऊण तास बोलला. शेवटी ठरले, की समक्ष जाऊन खातरजमा करावी. महाबळेश्वर लांब आणि खर्चाचे. सिंहगड जवळ, तेराशे मीटरच्या वर उंच, आणि तेथे पिठले मिळते. पायथ्याशी एक नोंद घ्यावयाची, माथ्यावर दुसरी, आणि हरणाऱ्याने भाकरीचे पैसे द्यावयाचे.

माझा होकार सर्वांच्या आधी गेला. त्याचे खरे कारण थंडी नव्हे, दूरदर्शन होते, आणि ते सांगावयाचे तर मला आमच्या जुन्या वाड्याच्या पत्र्यावर चढावे लागेल.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि १९७३ साली सिंहगडावरच्या मनोऱ्यामार्फत ते पुण्यात दिसू लागले. आमच्या वाड्यात मात्र त्याचे आगमन पुष्कळच उशिरा, आणि तेही केवळ मालकांकडे झाले. सरकत्या फळ्यांच्या लाकडी कपाटात, वर क्रोशाचा रुमाल पांघरून बसलेल्या त्या कृष्णधवल संचाचा पोस्टातून काढलेला परवाना मालकांनी सत्यनारायणाच्या तसबिरीशेजारी चौकटीत लावला होता. संध्याकाळी ‘आमची माती, आमची माणसं’ लागले, की ज्यांच्या सात पिढ्यांत कुंडीपलीकडे माती कोणी पाहिली नव्हती अशी बिऱ्हाडे सतरंजीवर मांडी घालून खतांचे प्रमाण ऐकत असत. थंडीच्या दिवसांत काकू दारे-खिडक्या लावून घेत, आणि पंचवीस-तीस माणसांच्या श्वासांनी, खोबरेल तेलाने नि कोणाच्या तरी खिशातल्या डिंकाच्या लाडवाने त्या खोलीत अशी काही ऊब साठे, की तशी पुढे मला कोणत्याही रजईत मिळाली नाही.

ही ऊब मी दारातूनच पाहिली. कारण माझी नेमणूक पत्र्यावर होती.

वाऱ्याने, कावळ्याने किंवा पतंगाच्या मांज्याने अँटेना तसूभर फिरली की पडद्यावर मुंग्या येत, आणि मुंग्या आल्या की वाड्यातल्या सर्वांत काटक मुलास, म्हणजे मला, शिडीवरून वर पाठविण्यात येई. अँटेनेचे तोंड सिंहगडाकडे करावयाचे एवढाच हुकूम असे. तानाजीनंतर इतक्या पुणेकरांचे लक्ष एकाच रात्री सिंहगडाकडे लागण्याचा प्रसंग दूरदर्शननेच आणला असावा. सूचना पोचविण्याची व्यवस्था मात्र पूर्णपणे सरकारी होती: मालक खोलीतून बोलत, खिडकीतले जोशीकाका ते चौकातल्या दामूला सांगत, आणि दामू मान वर करून ओरडे, ‘डावीकडे!’ हे ‘डावीकडे’ मालकांचे, जोशीकाकांचे, दामूचे की माझे, याचा निर्णय अखेरपर्यंत झाला नाही. खालून ‘बस्स, बस्स!’ येईपर्यंत मी ती जागा ओलांडून पुढे गेलेलो असे, आणि मग ‘अरे, मघाशी होतं तसं कर!’ असा फेरविचाराचा अर्ज येई.

एका पौषाच्या रात्री अनर्थ घडला. अँटेनेची नळी हातात धरली असताना चित्र आरशासारखे स्वच्छ दिसते आणि सोडताच मुंग्या येतात, असा शोध खालच्या मंडळींना लागला. झाले! ‘हात सोडू नकोस रे बाळ,’ असे काकूंनी स्वतः चौकात येऊन, इतक्या मायेने सांगितले, की मी अर्धी चड्डी नि आजोबांची कानटोपी अशा वेषात, बर्फासारखी नळी धरून, दोन्ही पायांखालच्या पत्र्यांवर आळीपाळीने वजन टाकीत तसाच उभा राहिलो. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ कसे दिसतात हे मला कित्येक दिवस केवळ खालून येणाऱ्या हशाच्या लांबीवरून ठाऊक होते. हशा झाला की मीही हसत असे. आपल्यामुळे चाललेल्या कार्यात आपण सामील नाही असे दिसू नये म्हणून. ‘गजरा’ मी असाच ऐकला. ‘साप्ताहिकी’तून पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम जाहीर होत, ते माझ्या दृष्टीने पुढच्या आठवड्याच्या पाळ्यांचे वेळापत्रक होते.

कार्यक्रम असा पूर्ण पाहिला तो एकच: ‘व्यत्यय’. ही पाटी पडद्यावर आली की खालच्यांना आधी माझाच संशय येई आणि वर दोन-चार शिव्याही पोचत. पण दोष मुंबईचा आहे अशी खात्री पटली, की मला खाली बोलावून हात शेकायला सांगत. मी दारात बसून त्या पाटीकडे बघत असे. तिच्यावरील अक्षरांचे वळण मला आजही काढून दाखविता येईल.

असो. तर ज्या मनोऱ्याला मी बालपणीचे इतके हिवाळे दुरून हात दिला, तो जवळून एकदाही पाहिला नव्हता. गड पुष्कळदा चढलो होतो. पण तरुणपणी माणूस गडावर मनोरा पाहावयास जात नाही.

आम्ही पहाटे साडेचारास निघालो. मफलरच्या जावयाची मोटार मागून आणली होती, आणि मफलरने स्वारीचा बंदोबस्त असा ठेवला होता, की बखरकाराला मिर्झाराजाच्या छावणीची आठवण झाली. दोन घोंगड्या, एक दुलई, तीन स्वेटर (पैकी दोन अंगात), चहाचा थर्मास, सुंठीची पुडी, आणि शिवाय ‘वेधशाळे’च्या उपकरणावर विसंबून राहावयाचे नसल्यामुळे घरातला तापाचा तापमापक.

खडकवासल्याच्या धरणाखाली आम्ही उतरलो तेव्हा नदीवरून वाफ निघत होती आणि बोलताना दातांचे ठोके मोजता येत होते. ‘वेधशाळे’ने आपला तापमापक बाभळीच्या फांदीला टांगला, आम्हाला श्वास दूर सोडण्याची आज्ञा केली, आणि दहा मिनिटांनी विजेरीच्या उजेडात जाहीर केले, ‘आठ’. मफलरने आपले उपकरण पाहिले. तापाच्या तापमापकावर चौऱ्याण्णव फॅरनहाइटच्या खाली आकडेच नसल्यामुळे खडकवासल्याला किंचित अशक्तपणा आहे, एवढाच त्यावरून निष्कर्ष निघत होता.

आतकरवाडीच्या वाटेने चढू लागलो. बखरकाराने, अपेक्षेप्रमाणे, तानाजीच्या चढाईचा ४ फेब्रुवारी १६७० काढला. ‘माघ वद्य नवमी. चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवणार, तोपर्यंत काळोख. कड्याला दोर. विचार करा!’

‘किमान तापमान?’ वेधशाळेने विचारले.

‘त्याची नोंद नाही.’

‘मग कसला इतिहास!’

यानंतर मावळ्यांच्या अंगावर कांबळी होती की नव्हती यावर दोघे अर्धा चढ भांडले. मी तिकडे लक्ष दिले नाही, कारण काहीतरी विलक्षण घडत होते. निम्म्या वाटेवर मी कानटोपी काढली. थोड्या वेळाने बखरकाराने शाल काढून कमरेला बांधली. चढणीचा घाम असेल म्हणून आम्ही एका कातळावर बसून वाट पाहिली. घाम वाळला, पण गारठा परत आला नाही. सर्वांच्या शेवटी, एकाही शब्दाचा उच्चार न करता, मफलरने एक स्वेटर उतरविला आणि दुलईच्या गाठोड्यात कोंबला. ते गाठोडे त्याच्याच पाठीवर होते.

विजयी माणसाने मौन पाळावे, परंतु ‘वेधशाळे’ला तेहतीस वर्षांत अशी संधी आलेली नव्हती. निरभ्र, कोरड्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाला देऊन टाकते. ढगांचे पांघरूण नसल्यामुळे ती परत येत नाही. जमिनीलगतची हवा गार होते, गार झाली की जड होते, आणि पाण्यासारखी उतारावरून ओघळत खोऱ्यात जाऊन साठते. ‘म्हणजे गडावरची थंडी रोज रात्री आपण होऊन गड उतरते,’ तो म्हणाला, ‘आणि मुठेच्या काठी तुमच्या घरात मुक्कामाला येते. महाबळेश्वर डोंगराच्या डोक्यावर, पुणे बशीच्या तळाशी. महाबळेश्वरातसुद्धा दव गोठते ते वेण्णा तलावाच्या सखल भागात. आणि हा’, येथे त्याने मफलरकडे बोट केले, ‘थंडीला घाबरून नातवाला घेऊन नदीकाठच्या बागेत फिरायला जातो.’

माथ्यावर, सूर्य नुकताच उगवत असता, तापमापकाने तेरा अंश दाखविले. मी खिशातल्या वहीत दोन्ही नोंदी केल्या, स्थळ, वेळ व पंचांच्या सह्या घेतल्या. मफलरने सही करण्यास खळखळ केली नाही. फक्त ‘वाऱ्याचा विचार केलेला नाही’ असा शेरा मारला, आणि वारा खरोखरच झोंबत असल्यामुळे तो शेरा आम्ही मंजूर केला.

मावशीबाईंच्या छपराखाली पिठले रटरटत होते. मडक्यातले दही आले, ठेचा आला, आणि भाकरीचा पहिला पापुद्रा मोडताना मफलरने गळ्यावरचे ते ऐतिहासिक वस्त्र काढून मांडीवर ठेवले. त्याची मान आम्ही तिघांनी जानेवारीत प्रथमच पाहिली. ती अगदी सामान्य मान होती.

खाली पुणे नव्हते. खोऱ्यात धुराचा आणि धुक्याचा एक राखाडी थर काठोकाठ भरून पसरला होता आणि त्यातून टेकड्यांची डोकी तेवढी वर आली होती. त्या थराखाली लोक बंब पेटवीत असतील, निदान गीझर लावून ‘एक पॉइंट सात’ अशा चेहऱ्याने पाणी तापायची वाट पाहत असतील. त्यात आमचा वाडा असावा त्या दिशेला मी बराच वेळ पाहिले. वाडा पाडून आता तेथे पाच मजली इमारत झाली आहे, आणि तिच्या गच्चीवर टाक्या नि तबकड्या आहेत, धरण्यासारखी नळी एकही नाही.

मनोरा मागेच उभा होता. जवळून पाहता तो मला वाटला होता त्याहून उंच आणि त्याहून निर्विकार निघाला. आपल्याकडे तोंड करून एक मुलगा थंडीत उभा राहत असे, याची त्याच्या दप्तरी कोठेही नोंद असण्याचे कारण नव्हते. मी ही हकीकत मित्रांना सांगितली, तेव्हा बखरकाराने, चमत्कारच म्हणावयाचा, पुरावा मागितला नाही. ‘जा, उभा राहा त्याच्यासमोर,’ तो म्हणाला, ‘फोटो काढतो.’

मी गेलो. मनोरा डोक्यामागे यावा म्हणून बखरकार मोबाइल घेऊन गुडघ्यावर बसला. त्याला उन्हात पडद्यावरचे दिसेना, म्हणून मफलरने वरून दुलई धरली. दुलईच्या आतून बखरकार बोले, ते मफलर ऐके, आणि पिठल्याच्या ताटावरून न उठता ‘वेधशाळा’ ते मला ओरडून सांगे.

‘डावीकडे!’

मी सरकलो.

‘अरे, तुझ्या नाही, त्याच्या डावीकडे! हं... अजून जरा... आता हात वर कर. बस्स, बस्स! हलू नकोस!’

मी हात वर करून उभा राहिलो. दुलईखाली कोणीतरी हसले, आणि मग तिघेही हसू लागले. काय दिसत होते कोण जाणे, पण मीही हसलो. माझे पिठले निवत होते.